पस्तीस हजारांचं स्थळ

कवडेवाडी फाट्यावरच्या कॉलेजात सुहास मुळे संख्याशास्त्र शिकवत, आणि संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला जेवढा म्हणून तोरा परवडू शकतो तेवढा त्यांना होता. स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, ‘हल्ली बरीच पोरं तंबाखू खातात,’ की सरांचा चहाचा कप खाली यायचा. ‘बरीच म्हणजे किती? आणि हल्ली म्हणजे कधीपासून?’ समोरचा गप्प झाला की सर समाधानानं कप पुन्हा उचलायचे. हळूहळू सहकारी त्यांच्यासमोर पाऊसपाण्याच्या गप्पाही जपून मारायला लागले. विद्यार्थ्यांनी तर त्यांचं नावच ‘म्हणजे किती’ असं पाडलं होतं. ते सरांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

या तोऱ्याचं कारण घरातच होतं. सरांचे वडील, मुळे गुरुजी, म्हणजे पारनेर तालुक्यातल्या त्या बाजूच्या गावांचे जोशी. सत्यनारायण, वास्तुशांत, बारसं असं सगळं ते करायचेच, पण त्यांचं खरं नाव होतं ते लग्न जुळवण्यात. ओसरीवर सतरंजी अंथरलेली, तिच्यावर कुणी ना कुणी मुलाचा नाहीतर मुलीचा बाप बसलेला, आणि गुरुजी पत्रिकेवरून बोट फिरवताहेत, हे सुहासनं लहानपणी इतकं पाहिलं की पुढं त्याला त्याची लाजच वाटायला लागली. शाळेतली पोरं चिडवायची, ‘तुझ्या बापाला म्हणावं, माझं मोनिकाशी किती गुणांनी जुळतंय ते बघ.’ आपणही आकड्यांचंच काम करायचं, पण खऱ्या आकड्यांचं, असं त्यानं त्या वयात ठरवून टाकलं. गुरुजी गेले, सतरंजी माळ्यावर गेली, आणि सुहासचे मुळे सर झाले.

आता रक्त कुठं जातं? सरांच्या हातूनही चार-पाच लग्नं जुळली होती. वर्गातली एखादी गुणी मुलगी, मागच्या वर्षी पास झालेला एखादा सरळमार्गी मुलगा, दोन्हीकडचे पालक ओळखीचे. सर सहज एक शब्द टाकायचे आणि काम व्हायचं. याला ते ‘माहितीची देवाणघेवाण’ म्हणत. तालुका मात्र म्हणायचा, ‘गुरुजींच्या मुलाचा हात चांगला आहे.’ हे कानावर आलं की सर चिडायचे. पण लोकांनी काय समजायचं हे सरांच्या चिडण्यावर थोडंच ठरतं.

संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब पुण्याच्या बैठकीला गेले की येताना एखादी नवी कल्पना घेऊन यायचे. दुसरा माणूस बाकरवडी आणेल, आबासाहेब कल्पना आणायचे. त्या वेळी त्यांनी आणली ती अशी की, कुठल्या अभ्यासक्रमाची पोरं पदवीनंतर किती कमावतात ते मोजायचं. जो अभ्यासक्रम पोटाला लावतो तो वाढवायचा, जो लावत नाही तो बंद करायचा. ‘सरकारसुद्धा याच वाटेनं चाललंय, सर,’ आबासाहेब म्हणाले. ‘उद्या अनुदान यावरच मिळणार. आपण आजच आकडे हातात ठेवू. आणि आकडे म्हटलं की तुमच्याशिवाय आहे कोण?’

कल्पना मुळीच वाईट नव्हती, हे आधी सांगायला हवं. कोरडवाहू जमीन आणि दोन गायींवर घर चालवणारा माणूस पोराची तीन वर्षं कॉलेजच्या हवाली करतो, तेव्हा तीन वर्षांनी बाहेर काय येतं हे त्याला कळायलाच पाहिजे. सर तर हरखून गेले. आयुष्यभर ज्या प्रश्नाची थट्टा झाली तो ‘म्हणजे किती’ आता कॉलेजचं धोरण ठरवणार होता.

मोजमाप मुख्यतः दोन अभ्यासक्रमांचं होतं. एक दुग्धव्यवसायाचा. त्यासाठी कॉलेजमागं चार गायींचा गोठा आणि दुधाची फॅट तपासायची छोटी प्रयोगशाळा होती, आणि पोरांच्या कपड्यांना शेणाचा वास यायचा. दुसरा औद्योगिक उत्पादनाचा. त्यातली पोरं निळा शर्ट घालून सुप्याच्या कारखान्यांत शिकायला जायची. पदवीधरांना फॉर्म पाठवले, ते कुणी भरले नाहीत. पोरांचे मोबाईल नंबर दरवर्षी बदललेले. घरच्यांचे नंबर तेवढे जुनेच होते. मग सरांनी ठरवलं की संध्याकाळी, दूध डेअरीला घालून माणसं घरी आली की, त्यांच्या घरी फोन करायचा आणि सगळ्यांना तेच तीन प्रश्न त्याच क्रमानं विचारायचे. मुलगा काय करतो? कुठं असतो? पगार किती?

माघ महिना होता. अमृतच्या घरी सरांनी फोन लावला. अमृत औद्योगिकचा, तीन वर्षांपूर्वी पास झालेला. फोन त्याच्या आईनं, साळूबाईनं उचलला.

‘कोन? मुळे सर? म्हंजी गुरुजींचे सुहास?’ साळूबाईच्या आवाजात एकदम गोडवा आला. तिनं आत कुणाला तरी टीव्ही बारीक करायला सांगितला.

‘अमृत सध्या काय करतो?’

‘कंपनीत हाय की, सुप्याला. परमनंट.’

‘पगार?’

पलीकडं जरा कुजबुज झाली. ‘पस्तीस हजार. आन ओव्हरटाइम त्येच्या वर.’

‘उत्तम. कामाचं स्वरूप काय आहे?’

‘सावळा हाय, पर नाकीडोळी नीट हाय. उंची बापापरीस जास्त. आन सर, सुपारीचं खांडसुदिक खात न्हाई.’

सरांना हसू आलं. आपल्याकडची माणसं किती बोलघेवडी, एक विचारावं तर चार सांगतात, असं त्यांनी बायकोला कौतुकानं सांगितलं. पस्तीस हजार लिहून घेतले आणि सुपारी सोडून दिली.

सगळीकडं तसंच झालं. कुणी न विचारता विहिरीचं पाणी किती टिकतं ते सांगितलं, कुणी मामाचं घराणं सांगितलं. एका बापानं तर मुलीचं शिक्षण कुठवर झालंय असा उलटा प्रश्न केला, आणि सरांना वाटलं की गृहस्थ आपल्या लेकीची, स्नेहलची, चौकशी करतोय, म्हणून त्यांनी ती नगरला बँकेत असल्याचं मोकळेपणानं सांगितलं. दुग्धव्यवसायाच्या बिभीषणचा बाप तर ‘दूध’ हा शब्द ऐकून घाबराच झाला. ‘न्हाई न्हाई, दूधबीध काय न्हाई, सर! ते आपलं घरी गडी बघत्यात. पोरगा हापिसात हाय, कंपनीत.’ सरांनी लिहिलं: दुग्धव्यवसाय शिकून अन्य क्षेत्रात. अशी नोंद बहुतेक सगळ्या दूधवाल्या पोरांपुढं पडली. म्हणजे दुधाचं शिकून कुणी दुधात राहत नाही, असं आकड्यांनीच सांगितलं. आकडे सांगताहेत म्हटल्यावर सरांनी मान डोलावली.

अहवाल झाला, त्यात रंगीत आलेख आले. संस्थेच्या सभेत आबासाहेबांनी सरांना शाल-श्रीफळ दिलं. गुरुजींना अशा शाली पुष्कळ मिळाल्या होत्या. आपली मात्र खऱ्या आकड्यांची, असं सरांच्या मनात येऊन गेलं. दुग्धव्यवसायाचा अभ्यासक्रम बंद झाला, गायी विकल्या, गोठ्यात मोटारसायकली लागायला लागल्या. औद्योगिकची दुसरी तुकडी निघाली. आणि कॉलेजच्या फाटकावर भली मोठी पाटी चढली: ‘आमच्या औद्योगिक पदवीधरांची सरासरी कमाई दरमहा चौतीस हजार रुपये.’ येणारी-जाणारी एसटी तिथं थांबायची, आणि खिडकीतली माणसं पाटी वाचून शेजारच्याला दाखवायची. सर रोज तिच्याखालून जाताना वर न बघता बघायचे.

तुळशीची लग्नं लागली आणि पुढच्याच सोमवारी साळूबाई आणि तिचा नवरा सहादेव कॉलेजात आले. सहादेवच्या अंगात इस्त्रीचा सदरा, साळूबाईच्या अंगावर ठेवणीतलं लुगडं, पिशवीत राजगिऱ्याचे लाडू. स्टाफरूम भरलेली होती. दोघं सरांसमोर अदबीनं बसले. चहा आला, चहा झाला, तरी येण्याचं कारण निघेना. शेवटी सहादेवनं टोपी मांडीवर काढून ठेवली.

‘सर, पोरीकडचे कवा येनार?’

‘कुठल्या मुलीकडचे?’

‘आसं काय करता? तुमी माघात फोन केल्ता न्हवं का? अमृतचं समदं इचारून घेतलं, पगार इचारला. आमी म्हनलं, सरांच्या बघन्यात कुटंतरी पोरगी हाय. लगीच इचारायचं बरं दिसत न्हाई म्हून दम धरला.’

‘वैशाखात तिसगावचं एक स्थळ आल्तं,’ साळूबाई म्हणाली. ‘मास्तरांची लेक. चांगली हुती. पर आमी कळवलं की आमचं मुळे सरांकडं चाललंय. तुमी आदी इचारलेलं, तुमचा मान हाय.’

स्टाफरूममध्ये कुणी काही बोलत नव्हतं, आणि तिथं कुणी न बोलणं म्हणजे सगळ्यांनी कान लावणं, हे सरांना चांगलं माहीत होतं. ‘अहो, ते… ते लग्नाचं नव्हतं. कॉलेजच्या कामाचं होतं. कुणाला किती पगार मिळतो, एवढंच लिहून घ्यायचं होतं.’

साळूबाईनं हळूच विचारलं, ‘म्हंजी पस्तीस लिवलं तुमी?’

‘लिहिलं.’

‘जसंच्या तसं?’ साळूबाईनं तोंडावर हात ठेवला. तिला बिचारीला हसावं की रडावं कळेना. ‘आवो सर, निम्मं धरायचं आसतं! तुमचे वडील कायम निम्मं धरायचे. आमचं लगीन त्यांनीच जमवलं. ह्येंच्या आयनं सांगितलं धा एकर, गुरुजींनी माज्या बापाला सांगितलं पाच. पाचच निगाली. म्हून तर समदी वाढवून सांगत्यात. खरं सांगितलं तर त्येचं बी निम्मंच धरलं जाईल की!’

सरांनी फोनवर ऐकलेली एकेक गोष्ट आता डोक्यात परत वाजायला लागली. विहिरीचं पाणी, मामाचं घराणं, सुपारीचं खांड. या मुलखात कुणीतरी फोन करून मुलगा काय करतो, कुठं असतो, पगार किती असं याच क्रमानं विचारतं, ते फक्त एकाच कामासाठी. आणि विचारणारा कोण, तर मुळे गुरुजींचा मुलगा. एवढी साधी गोष्ट तालुक्यातल्या पोराटोरांना कळली असती. ती न कळायला संख्याशास्त्रात पीएच.डी.च करावी लागते.

‘मग खरा पगार किती आहे?’ त्यांनी विचारलं.

सहादेव खाली बघून बोलला. ‘कंत्राटावर हुता, सर. बारा हजार. दसऱ्याला कंत्राट सुटलं, तवापासनं घरी हाय.’ तो पुढं म्हणाला, ‘तुमच्या फाटकावरची पाटी वाचली. चौतीस हजार. समद्यांची पोरं फुडं गेली, आमचंच मागं ऱ्हायलं. अमृत आता ह्या रस्त्यानं येत न्हाई. पारनेरला जायचं आसलं तरी वरच्या पायवाटंनं जातो. पाटी दिसायला नको म्हनतो.’

‘आन संस्कृतीला, धाकटीला, दुधाचं शिकायचं हुतं,’ साळूबाई म्हणाली. ‘ते बंद झालं म्हनले. मंग पाटी बघून तिला बी कंपनीच्याच वर्गात घातली. म्हनलं, भावाला न्हाई साधलं तर भयनीला तरी साधंल.’

लाडवांची पिशवी टेबलावर ठेवून दोघं गेले. परत न्या म्हणायचं धाडस सरांना झालं नाही. ज्या पाटीवरच्या आकड्यात साळूबाईचाच पस्तीस मिसळलेला होता, तीच पाटी वाचून साळूबाईनं स्वतःच्या लेकराला नापास ठरवलं होतं. आणि असं एका घरात नाही, घरोघर झालं असणार. प्रत्येक घराला वाटत होतं की खोटं तेवढं आपण सांगितलं, बाकी सगळे खरं बोलले. सरांना इतकी लाज वाटली की तासाला जाताना ते फाटकाकडची बाजू सोडून मागच्या जिन्यानं गेले. दुसऱ्या बाकावर संस्कृती बसलेली होती, वही उघडून. सरासरी शिकवायची होती. सरांनी विषय बदलला.

संध्याकाळी ते स्कूटर घेऊन राळेगणसिद्धीच्या रस्त्याला बिभीषणकडं गेले. तिथं पत्र्याच्या स्वच्छ शेडमध्ये बिभीषण पनीर करत होता. हाताखाली चार माणसं, दारात टेम्पो. कमाई विचारली तर त्यानं संकोचून जो आकडा सांगितला तो पाटीच्या बराच वर होता. ‘कॉलेजच्या गोठ्यातच शिकलो की हे, सर. बापानं कंपनी सांगितली व्हय तुमाला?’ तो हसायला लागला. ‘दूधवाल्याला पोरगी कोन देतंय? बायोडाटात बी मी कंपनीतच हाय.’ जो अभ्यासक्रम खरोखर पोटाला लावत होता तो सरांनी बंद करून दाखवला होता, तोही रंगीत आलेख काढून.

दुसऱ्या दिवशी ते आबासाहेबांसमोर उभे राहिले. गुरुवारी पुण्याहून सरकारी समिती येणार होती. सरांची पद्धत बघून तीच सगळ्या विभागातल्या कॉलेजांना लावायची आणि पुढचं अनुदान तिच्यावर ठरवायचं, असं घाटत होतं.

‘आबासाहेब, आकडे खोटे आहेत.’

‘खोटे कसे? त्यांनीच सांगितले ना? आपण पदरचे घातले का?’ आबासाहेब शांतपणे म्हणाले. ते काही दुष्ट नव्हते. दुसऱ्या तुकडीसाठी त्यांनी नवे वर्ग बांधायला काढले होते, एवढंच. ‘हे बघा सर, समिती जाऊ द्या. पुढच्या वर्षी सावकाश दुरुस्त करू. आता बोललात तर कॉलेजचं हसं, आणि आधी तुमचं.’

शेवटचे तीन शब्द बरोबर जागी लागले. सर ‘बरं’ म्हणाले आणि बाहेर आले. पोरांना ज्या माणसानं वीस वर्षं आकड्यांची इमानदारी शिकवली, त्याला ‘बरं’ म्हणायला एक क्षण पुरला. याची लाज आधीच्या लाजेहून मोठी होती, कारण आधीची चूक तरी नकळत झाली होती.

बुधवारी त्यांना राहवेना. निदान त्या घराची माफी मागावी म्हणून ते साळूबाईच्या वस्तीवर गेले. स्कूटर थांबताच घरात धावपळ उडाली. सहादेवनं खाटेवर धुतलेली चादर टाकली, साळूबाईनं आतून हाक मारली आणि अमृत शर्ट बदलून बाहेर आला. स्थळ नाही हे माहीत असूनही त्या माऊलीनं पोराला शर्ट बदलायला लावला होता. सरांना ते बघवेना.

अमृत समोर बसला. ‘सर, आई खोटं बोलली त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मला जमलं न्हाई हेच खरं. बाकीच्यांना जमलं.’

‘अरे, बाकीच्यांच्या घरूनही तसंच सांगितलं गेलंय,’ सर घाईनं म्हणाले. ‘तू एकटा नाहीस. बऱ्याच जणांचं तुझ्यासारखंच असणार.’

अमृतनं मान वर केली. तो सरांचा विद्यार्थी होता, आणि चांगला विद्यार्थी होता. ‘बऱ्याच म्हणजे किती, सर?’

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. किती जण आपल्यासारखे आहेत, यावर त्याचं उद्यापासून रस्त्यानं ताठ चालणं अवलंबून होतं.

‘मला माहीत नाही,’ ते म्हणाले.

‘मग ती पाटी कशाची हाय?’

सरांनी चहा घेतला, तो गोड होता की अगोड हेही त्यांना कळलं नाही. निघताना त्यांनी अमृतला ‘माफ कर’ म्हटलं. अमृत ओशाळून म्हणाला, ‘आसं काय सर, तुमी कशाला.’ त्यानं उलट दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

गुरुवारी सभागृहात पडद्यावर आलेख झळकले. समितीच्या प्रमुख लीना मॅडम बारकाईनं बघत होत्या. शेवटी त्यांनी चष्मा काढला. ‘फार सुटसुटीत पद्धत आहे, मुळे सर. तीन प्रश्न, घरी फोन. आम्ही हेच प्रश्न पुढं सगळ्या कॉलेजांना देऊ.’

आबासाहेबांनी टाळी वाजवायला हात वर घेतले होते.

‘मॅडम, हे प्रश्न देऊ नका,’ सर म्हणाले. माईक हातात होता, म्हणून ते जरा मोठ्यानंच झालं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. आपण कुणाचे चिरंजीव, आपण फोन केला की लोकांना काय वाटतं, उंची, विहीर, सुपारी, आणि निम्मं धरायची रीत. सभागृहात हशा पिकला. मागच्या रांगेत विद्यार्थी होते, ते तर लोटपोट झाले. सर हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते. अमृतचं नाव न घेता, पाटी चुकवून वरच्या वाटेनं जाणाऱ्या मुलाबद्दल त्यांनी सांगितलं, तेव्हा हसणं थांबलं. निळ्या शर्टातली दोन-तीन पोरं खाली बघायला लागली. त्यांच्या घरीही भाऊ होते.

‘मग खरी सरासरी किती आहे?’ लीना मॅडमनी विचारलं.

‘माहीत नाही,’ सर म्हणाले. दोन दिवसांत हे शब्द त्यांनी दुसऱ्यांदा उच्चारले, आणि या खेपेला सगळ्या कॉलेजसमोर.

‘पुन्हा करा,’ मॅडम म्हणाल्या. ‘पण घरच्यांना नको, मुलांना विचारा. आणि विचारण्याआधी कशासाठी विचारताय ते सांगा. दुधाचा अभ्यासक्रम तोवर बंद धरू नका.’ आबासाहेब छताकडं बघत होते. गायी कधीच विकल्या गेल्या होत्या, पण ते त्या वेळी कुणी बोललं नाही.

शिपायांनी पाटी उतरवली आणि गोठ्यात भिंतीकडं तोंड करून ठेवली. स्टाफरूममध्ये पुढं बरेच दिवस सर आले की कुणीतरी म्हणायचं, ‘सर, माझी पगारवाढ झाली, पण तुम्ही निम्मीच धरा.’ सर कप खाली न ठेवता चहा प्यायचे. ‘म्हणजे किती’ विचारायची त्यांची सवय गेली नाही, पण आवाज खाली आला.

आणि संध्याकाळचे फोन पुन्हा सुरू झाले. या वेळी सर पहिलंच वाक्य म्हणायचे, ‘सुहास मुळे बोलतोय. लग्नाच्या कामासाठी नाही, कॉलेजसाठी विचारतोय. नाव कुठं येणार नाही.’ पोरांचे नवे नंबर मिळवायला हेलपाटे घालावे लागले, आणि मिळाले तरी बऱ्याचदा फोन घरच्यांच्याच हातात असायचा. नाव ऐकून उजळलेला आवाज ‘नाही’ ऐकताच विझायचा, आणि मग हळू, खरा पगार सांगायचा. नऊ. बारा. सध्या घरीच. सर लिहून घ्यायचे. खरे आकडे मिळत होते, आणि प्रत्येक आकड्यासाठी त्यांना आधी एका घराची आशा मोडावी लागत होती. फोन ठेवल्यावर त्यांना कुणाच्या नजरेला नजर द्यावीशी वाटायची नाही.

अमृतचा फोन साळूबाईनंच उचलला. अमृत अंघोळीला गेला होता.

‘खरं सांगते, सर. बिभीषणकडं पनीरच्या कामाला जातोय, रोजावर. म्हैन्याला धा पडत्यात. लिवा. संस्कृती म्हनती, दुधाचं परत निगालं तर म्या तितंच जानार. तिचं बी लिवा.’

‘लिहिलं,’ सर म्हणाले. ‘उपकार झाले तुमचे.’

ते फोन ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली, ‘सर, येक बोलू का? तुमच्या कागदावर धाच ऱ्हाऊ द्या, ते खरं हाय. पर कुटं एखादी चांगली पोरगी तुमच्या बघन्यात आली, तर तितं मातर पस्तीसच सांगा. ती मान्सं निम्मं धरनारच हायती, वो.’

‘बरं,’ गुरुजींचे सुहास म्हणाले.